कारखान्याच्या पाटीसाठी भौमितिक स्लॅब सेरिफ: इंग्रजीचं जमलं, मराठीला पाय लावायचे का?

उद्यमनगरकर

नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमच्या नात्यातल्या एका काकांचा पंपांचा कारखाना आहे. नवी शेड उभी राहिली आहे आणि दर्शनी पाटी, पंपाच्या बॉडीवरचं ओतीव नाव आणि लेटरहेड ही तिन्ही कामं माझ्याकडे आली आहेत. काकांची अट एकच: "ट्रॅक्टरवरनं जाणाऱ्याला लांबनं वाचाय आलं पाहिजे, आणि नाजूक काय नको." इंग्रजी नावासाठी मी भौमितिक स्लॅब सेरिफ पक्का केलाय. मराठीपाशी अडलोय, म्हणून हा धागा.

हा प्रकार नावाने माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. इंग्रजी अक्षरांच्या टोकांना जे छोटे आडवे पाय असतात ते सेरिफ. टाइम्स न्यू रोमनमध्ये हे पाय टोकाकडे निमुळते होतात आणि दांड्याला वळण घेऊन मिळतात. स्लॅबमध्ये तिथे सरळ पट्टी असते. भौमितिक स्लॅबमध्ये ती पट्टी जवळपास उभ्या दांड्याइतकीच जाड असते, दांड्याला काटकोनात मिळते आणि सांध्यात जराही गोलाई नसते. बाकी सांगाडा सगळा भूमितीचा: ओ जवळजवळ पूर्ण वर्तुळ, रेषेची जाडी सगळीकडे एकसारखी. (खरं तर आडव्या रेषा किंचित बारीक ठेवतात. तंतोतंत सारख्या ठेवल्या तर डोळ्याला त्या जाड दिसतात.)

या घराण्याची सुरुवात १९२७ पासून धरता येईल. त्या वर्षी पॉल रेनरचा फ्युचुरा हा टाइप, म्हणजे अक्षरांचा संच, आला. त्याला पाय नव्हते, पण वर्तुळ आणि सरळ रेषेवर बेतलेला तो टाइप इतका चालला की बाकीच्या कंपन्यांना तसाच, पण पायवाला टाइप हवासा झाला. जर्मनीत श्टेम्पेल या टाइप ओतणाऱ्या फौंड्रीने १९२९ मध्ये रुडोल्फ वोल्फचा मेम्फिस काढला. अमेरिकेत १९३१ मध्ये मॉरिस फुलर बेंटनचा स्टायमी आला. इंग्लंडमध्ये मोनोटाइपने १९३४ मध्ये रॉकवेल आणला. आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या कॉम्प्युटरवर रॉकवेल आहे, कारण तो एमएस ऑफिसबरोबर येतो. उघडून कॅपिटल ए बघा: टोकावरसुद्धा आडवी पट्टी आहे. टोकदार अक्षराला असं डोक्यावर सपाट केलं की ते लगेच जडशीळ वाटायला लागतं, आणि पंपाला तेच पाहिजे.

आता 'कोल्हापूर' हा शब्द इंग्रजी कॅपिटलमध्ये रॉकवेल बोल्डमध्ये टाइप करा, निदान १०० पॉइंटला. एल आणि एच शेजारी येतात तिथे एलचा आडवा हात आणि एचचा पाय खाली बेसलाइनवर एकमेकांना भिडायला येतात, आणि वर मात्र मोकळं मैदान. पुढे पी आणि यू मध्ये नेमकं उलटं: यूचा पाय वर असतो, तो पीच्या पोटाला खेटतो, आणि खाली पीच्या दांड्याशेजारी भोक पडल्यासारखी जागा उरते. या टाइपमध्ये पाय आखूड करायची सोय नाही, त्यामुळे अक्षरांमधलं अंतर हाताने बसवावंच लागतं. पाटी करणारे बहुतेक जण ते करत नाहीत. हायवेला शिरोलीपर्यंत जाऊन या, दिसेल.

तर इंग्रजी जमलं. मराठी नाव त्याच्या वर, तेवढ्याच वजनाचं हवंय. मुद्दा असा आहे: देवनागरीच्या दांड्यांना खाली तशाच पट्ट्या जोडाव्यात का? की न जोडता तोच स्वभाव दुसऱ्या वाटेने आणता येतो? ज्यांनी काम केलंय त्यांनी जरूर लिहा.

शाहूपुरी साइन

दादा, विषय लई आवडीचा काढलाय. मी अ‍ॅक्रिलिक आणि एसीपीची (अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची) अक्षरं कापतो, राऊटर म्हणजे कापायचं मशिन घरचंच आहे. पाय लावायचे असतील तर कोरल सॉफ्टवेअरमध्ये पाच मिनिटांचं काम. फॉन्ट कर्व्ह करायचा, म्हणजे अक्षराचा नुसता आकार करायचा, प्रत्येक दांड्याच्या बुडाला आयत जोडायचा, वेल्ड मारून एकसंध करायचं. इंग्रजीशी जुळतंय म्हणून गिऱ्हाईक खूष होतंय. मागच्या वर्षी एका हॉटेलचं असंच केलं.

कटिंगच्या बाजूनं सांगायचं तर हा स्लॅब आम्हाला सोपा जातो. टाइम्ससारख्या फॉन्टात बारीक टोक तीन एमएमच्या खाली गेलं की अ‍ॅक्रिलिक तुटतंय, आत एलईडी बसत नाही, तिथं अंधार पडतोय. रॉकवेलमध्ये सगळीकडे जाडी एकच, त्यामुळं लाइट सारखी पसरते. फक्त राऊटरचं बिट, म्हणजे कापायचं टोक, गोल असतं, आतले काटकोन थोडे गोल येतात. ते कानसून घ्यायचं.

अनुस्वार

उद्यमनगरकर दादा, धागा छान काढलात. वाचनखूण साठवली आहे.

शाहूपुरी दादा, तुमच्या हाताच्या कामाबद्दल आदर आहे, पण पाय लावण्याला माझा ठाम विरोध. कारण सांगते, आणि 'कोल्हापूर' हाच शब्द घेते.

'को' मध्ये दांडे दोन: कचा मधला आणि कान्याचा. कच्या दांड्याला पाय लावला की तो डावीकडे गोल पोटाखाली आणि उजवीकडे शेपटाखाली सरकतो. कची दोन्ही बाजूंची मोकळी जागा, जिच्यावरून तो लांबून ओळखू येतो, तीच बुजते. त्याच्या शेजारी लगेच कान्याचा पाय. दोन पाय एकमेकांना टेकले की खाली दुसरी शिरोरेषा तयार होते. 'ल्हा' मध्ये ल अर्धा, म्हणजे त्याला दांडाच नाही. ह ला खाली गोलसर शेपूट, तिथे पाय लावायला जागाच नाही. म्हणजे शब्दात काही अक्षरं पायवाली, काही बिनपायाची. 'पू' तर सगळ्यात वाईट. ऊकार दांड्याच्या बुडालाच लागतो. तिथे आधी पट्टी, मग ऊकार, अशी खाली गर्दी. आणि 'र' चा तिरका पाय आधीच आहे, त्याला अजून काय लावणार?

रोमन लिपीत पाय जवळजवळ प्रत्येक अक्षराला आहेत, वरही आणि खालीही, म्हणून ते एका सुरात वाटतात. आपल्याकडे सगळी ओळ वरून एका आडव्या पट्टीने बांधलेली आहे, खाली अक्षरं मोकळी सुटतात आणि त्या मोकळ्या जागेत उकार, ऋकार, हलन्त येतात. ती जागा मात्रांची आहे. तिथे सजावट घुसवली की वाचणाऱ्याचं नुकसान होतं.

शाहूपुरी साइन

ताई, पू चं बरोबर हाय तुमचं. त्या हॉटेलच्या नावात उकार नव्हता, म्हणून तेव्हा अडलं नाही. पण मग इंग्रजी जड आणि मराठी हलकं दिसतंय त्याचं काय? गिऱ्हाईक तेच बोलतंय दरवेळी.

खिळेजुळणी

लक्ष्मीपुरीत आमचा छापखाना होता, आता डिजिटल प्रिंटिंग मुलगा बघतो. थोडं जुनं सांगतो, कारण या अक्षरांचा जन्मच मोठ्या अक्षरात ओरडून सांगायच्या गरजेतून झाला आहे.

उद्यमनगरकरांनी १९२७ पासून सांगितलं ते भौमितिक शाखेचं. मूळ स्लॅब त्याच्या शंभर वर्षं आधीचा, इंग्लंडातला. कारखाने वाढले, माल वाढला, लॉटरी आणि नाटकांच्या जाहिराती भिंतीवर लागायला लागल्या. पुस्तकाचा टाइप मोठा करून लावला तर लांबून त्याच्या बारीक रेषा दिसेनाशा होतात. मग व्हिन्सेंट फिगिन्ससारख्या टाइप ओतणाऱ्यांनी सगळ्या रेषा जाड केल्या आणि पायसुद्धा तितकेच जाड केले. तेव्हा नेपोलियनच्या स्वारीमुळे युरोपात इजिप्तचं वेड होतं, म्हणून या टाइपांना 'इजिप्शियन' म्हणायला लागले. १८४५ मध्ये रॉबर्ट बेस्लीचा क्लॅरेंडन आला. त्यात पाय जाडच, पण दांड्याला वळण घेऊन मिळतात आणि जाड-बारीक फरकही आहे. शब्दकोशात मुख्य शब्द ठळक दाखवायला तो फार चालला. लोक क्लॅरेंडन आणि रॉकवेल एकाच पोत्यात घालतात. सांध्याकडे बघा, वळण आहे की काटकोन. एका नजरेत फरक कळतो.

छापखान्यातला अनुभव असा, की ट्रेडल छपाई यंत्रावर खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, झिजतात ती आधी बारीक टोकांना. इंग्रजी रोमन टाइपचे निमुळते पाय आधी जायचे. मराठीत रफार, मात्रा, वेलांटीची टोकं जायची. कुस्तीच्या मैदानाची हँडबिलं घाईत, स्वस्त कागदावर, शाई जास्त मारून छापली जायची. खासबागेत कुस्ती असली की आदल्या दिवशी गठ्ठे जायचे. त्यात टिकायचा तो जाड टाइप. सगळ्या रेषा एकसारख्या असण्याचा फायदा तिथे कळतो: शाई थोडी पसरली तरी अक्षर सगळीकडून सारखंच फुगतं, ओळख जात नाही.

अनुस्वारताईंशी सहमत. मराठी टाइपाला पाय लावलेले मला कधी पटले नाहीत. १८६९ साली जावजी दादाजींनी निर्णयसागर काढला. तिथल्या टाइपाने मराठी-संस्कृत छपाईला जी शिस्त लावली त्यात वजन कुठून येतं ते बघा: शिरोरेषा ठाम, दांडा ठाम, गाठी भरीव. शाहूपुरीकरांना उत्तर तिथे आहे. मराठी हलकी वाटते तेव्हा वरची रेषा आणि गाठी तपासा.

वाळूसाचा

फौंड्रीतला माणूस आहे, शिरोली एमआयडीसीत. पाटीचं जाणकारांनी बोलावं, मी ओतीव नावाबद्दल लिहितो. या बाबतीत डिझायनर लोक आमच्याकडे येतच नाहीत आणि मग कास्टिंगवर नाव वाचता येत नाही म्हणून तक्रार.

नाव पॅटर्नवर, म्हणजे ओतायच्या वस्तूच्या नमुन्यावर, उठावात असतं. पॅटर्नभोवती वाळू ठोकली, पॅटर्न वर उचलला की वाळूत अक्षराचा खड्डा राहतो, त्यात लोखंड जातं. उचलताना अक्षराच्या भिंती अगदी सरळ उभ्या असतील तर वाळू घासून ढासळते. म्हणून भिंतींना उतार द्यावा लागतो, त्याला ड्राफ्ट म्हणतात. पॅटर्नला साधारण एक ते तीन अंश चालतो, बारीक अक्षरांना त्याहून जास्त द्यावा. म्हणजे अक्षर बुडाला रुंद, माथ्याला अरुंद. आता विचार करा, बारीक रेषेला दोन्ही बाजूंनी उतार दिला तर माथ्यावर उरतं काय? धार. ती पेंटखाली गायब होते. सारख्या जाडीच्या अक्षराला हा प्रश्न येत नाही. इंग्रजी नावाला तुमचा स्लॅब उत्तम.

पण एक ठिकाणी तो त्रास देतो. आतल्या काटकोनात वाळूचा कोपरा टोकदार होतो, आणि टोकदार वाळू ओतताना वाहून जाते, मग कास्टिंगमध्ये दुसरीकडे तिचा खड्डा पडतो. म्हणून पाय आणि दांडा मिळतो तिथे आम्ही बारीक फिलेट, म्हणजे कोपऱ्याला गोलाई, देतोच. म्हणजे तुमचा रॉकवेल आमच्याकडे येऊन थोडा क्लॅरेंडन होऊन जातो, खिळेजुळणी काकांनी सांगितलं तसा. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, पॅटर्न काढतानाच फिलेट धरून अक्षर काढा.

मराठीचं महत्त्वाचं: अक्षरातली बंद पोकळी. ब, व, ष, भ यांची पोटं आणि गाठी. पोकळी लहान असली की तिथे वाळूचा सुटा खुंट उभा राहतो, पॅटर्न काढताना तो मोडून वरच येतो. कास्टिंगवर व आणि ब सारखेच, दोन्ही भरलेले. पाय लावून पोकळी अजून आवळलीत तर मोल्डर तुम्हाला शिव्या देईल. बॉडीवरच्या मराठी नावाला शिरोरेषा थोडी बारीक करा आणि पोटं मोठी करा. आणि काळं बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, तेवढा पॅटर्न मोठा असतो, हेही लक्षात असू द्या.

उद्यमनगरकर

वाळूसाचा दादा, हे सोन्यासारखं लिहिलंत. म्हणजे खिळेजुळणी काका म्हणतात शिरोरेषा ठाम ठेवा आणि तुम्ही म्हणता बारीक करा. मला वाटतं दोन्ही बरोबर आहे, जागा वेगळी आहे. पाटीवर वजन वरच्या रेषेतून येईल, ओतीव नावात मोकळ्या पोटांतून. एकच फाइल दोन्हीकडे पाठवायची सवय सोडावी लागेल. तीन कामांना तीन रेखाटनं करतो.

रंकाळाकाठ

मी शाळेत शिक्षिका आहे, या विषयातलं फारसं कळत नाही, पण धागा वाचताना गुंतले. आमच्या शाळेचा वार्षिक अंक दरवर्षी निघतो, त्यात इंग्रजी विभाग असतो. मुख्याध्यापकांना रॉकवेल आवडलाय, सगळा विभाग त्यातच लावा म्हणतात. योग्य होईल का?

अनुस्वार

मॅडम, शीर्षकांना जरूर लावा, मजकुराला नको. ओ, सी, ई सगळी गोल आणि रुंद, त्यामुळे ओळीत शब्द कमी बसतात आणि पानं वाढतात. रेषा एकाच जाडीच्या असल्याने पान एकसारखं काळपट दिसतं. चार ओळींचा मथळा छान वाटतो, चार पानांचा निबंध वाचताना डोळे शिणतात. स्लॅबच हवा असेल तर भूमितीवर कमी अडून बसणारे आहेत. अ‍ॅड्रियन फ्रुटिगरचा १९६७ चा सेरिफा बघा, त्याची अक्षरं जास्त मोकळ्या अंगाची आहेत. फुकटातलं हवं असेल तर रोबोटो स्लॅब.

अवांतर: टाइपरायटरचा कुरियर हाही स्लॅबच. तिथे पायांना नेमून दिलेलं काम आहे. टाइपरायटरवर प्रत्येक अक्षराला सारखीच जागा मिळते, एम ला जेवढी तेवढीच आय ला. मग आय च्या दोन्ही बाजूंना लांब पाय काढले की ती रिकामी जागा भरून निघते. पाय नसते तर आय एकटाच मधे उभा राहिला असता आणि शब्द फुटला असता.

रंकाळाकाठ

किती सोपं करून सांगितलंत ताई! शीर्षकांना रॉकवेल, मजकुराला साधा टाइप, असं सरांना सांगते. कुरियरचं पोरांना वर्गात दाखवणार आहे.

खिळेजुळणी

एक नमुना राहिला. आयबीएमचं चिन्ह. पॉल रँडने १९५६ मध्ये ते केलं तेव्हा गेओर्ग ट्रुम्पचा सिटी हा टाइप आधाराला घेतला. तो १९३० चा चौकटी वळणाचा स्लॅब. १९७२ मध्ये त्यालाच आठ आडव्या पट्ट्यांत कापलं. कापूनही तीन अक्षरं वाचता येतात, कारण वर-खाली जाड आडवे पाय आहेत, पट्ट्या त्यांच्यावरून सरळ जातात. हेच बारीक पायांच्या टाइपाला करून बघा, काही उरणार नाही.

शाहूपुरी साइन

काका, एकदम भारी. आता कामाचं बोलतो. पाटी करताना हे पण बघा दादा: दुकानं-आस्थापनांच्या कायद्यात २०२२ ला दुरुस्ती झाली, पाटीवर मराठी देवनागरीत पाहिजेच आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीच्या अक्षरापेक्षा लहान नको. कारखान्याला लागून विक्रीचं काउंटर असेल तर तिथली पाटी त्याच हिशोबानं करा. लोक काय करतात, मराठीची उंची मात्रेपासून उकारापर्यंत मोजतात आणि इंग्रजीएवढीच धरतात. मग मूळ अक्षर निम्मंच राहतंय आणि पाटीवर मराठी बारकी दिसते.

अनुस्वार

+१. उंची मोजायची ती शिरोरेषेपासून बुडापर्यंत, मात्रा-उकार सोडून. ती इंग्रजी कॅपिटलच्या उंचीएवढी धरली तर मराठी मोठी दिसेल, आणि वरच्या ओळीत तशी दिसलेली चांगलीच.

टाइपाबद्दल माझं सुचवणं: मराठीला पॉपिन्स बोल्ड घेऊन बघा. इंडियन टाइप फौंड्रीचा आहे, २०१४ पासून मोफत मिळतो. देवनागरीसुद्धा भूमितीवरच काढली आहे, रेषा एकसारख्या जाडीची, पोटं गोल आणि मोकळी. इंग्रजी मात्र पॉपिन्सचं घेऊ नका, त्याला पाय नाहीत. तिथे तुमचा स्लॅबच. म्हणजे दोन्ही लिप्यांचा सांगाडा एका जातीचा, आणि पाय ज्या लिपीचे आहेत तिलाच. लेटरहेडवरच्या बारीक मजकुराला कर्मा चालेल. तो दोन लिप्यांसाठीच केलेला स्लॅब आहे, आणि त्याची देवनागरी कुणाची नक्कल करत नाही.

रॉकवेलचा परवाना बघून घ्या. ऑफिसबरोबर आला म्हणून कंपनीच्या चिन्हात किंवा वेबसाइटवर वापरायची मुभा मिळतेच असं नाही. अडचण वाटली तर रॉकिट हा व्हर्नन अ‍ॅडम्सचा खुल्या परवान्याचा टाइप आहे, त्याच वळणाचा.

उद्यमनगरकर

मंडळी, रात्री बसून सगळं लावून पाहिलं. अनुस्वारताईंचं पॉपिन्स आणि रॉकिट हे जोडपं एकदम बसलं. शिरोरेषा अजून थोडी जाड केली, इतकी की ती खालच्या इंग्रजी ओळीच्या पायाच्या पट्टीएवढी झाली. त्याने कमाल झाली. मराठी ओळीत वर एक पट्टी, इंग्रजी ओळीत वर-खाली पट्ट्या, सगळ्या एका मापाच्या, त्यामुळे दोन ओळी एकाच हाताने काढल्यासारख्या दिसतात. शाहूपुरी दादांचं वजनाचं गाऱ्हाणं तिथेच मिटलं. तुलनेसाठी पाय लावलेली मराठीसुद्धा शेजारी छापून काकांना दाखवली, कुठली काय ते न सांगता. काकांनी लांबून बघून पायवालीला म्हटलं, "ह्यात पू कुठाय?" पुढे चर्चा झाली नाही.

इंग्रजीत एल-एच मधलं अंतर सोडवलं, पी-यू आवळलं. ओतीव नावासाठी वेगळं रेखाटन काढतोय: पोटं मोठी, शिरोरेषा बारीक, सांध्यांना फिलेट. वाळूसाचा दादा, व चं पोट आतून किती एमएम ठेवलं म्हणजे खुंट टिकेल? अक्षराची उंची २५ एमएम आहे, उठाव दोन.

वाळूसाचा

वाळू किती बारीक आणि मोल्डिंग हाताचं की मशिनचं यावर आहे. उठाव दोनच असेल तर पोकळी उठावाच्या दुप्पट तरी रुंद ठेवा, तिप्पट मिळाली तर छान. आतल्या भिंतीला बाहेरच्यापेक्षा जास्त ड्राफ्ट द्या. पॅटर्न लाकडाचा पक्का करायच्या आधी नुसत्या नावाची छोटी प्लेट करून घेऊन या, पुढच्या हीटला, म्हणजे लोखंड वितळवून ओतायच्या पाळीला, बाजूला एक साचा लावून ओतून देतो. शाहूपुरीकरांना म्हणावं प्लेटची अक्षरं राऊटरवर कापून द्या, पण उताराचं बिट लावून.

शाहूपुरी साइन

व्ही बिट आहे माझ्याकडे. रेखाटनाची डीएक्सएफ फाइल पाठवा दादा, शनिवारी कापून ठेवतो.